४८० अश्वशक्ती देऊन ४०० घेतली : एका अदलाबदलीचे परीक्षण

चार वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय ही सेडान देऊन मी पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.० ही दोन आसनांची गाडी घेतली, त्याला आता अकरा महिने झाले. सेडान कारखान्यातून आली तशी राहिलेली नव्हती. इंजिनाचे रीमॅपिंग (त्याच्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार), नवा डाउनपाइप (टर्बोमधला धूर बाहेर नेणारी नळी), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच), मोठे ब्रेक आणि रुंद टायर असे एकेक करत तिचे रूप बरेच पालटले होते. सरळ रस्त्यावर, विशेषतः चालत्या वेगातून एकदम पुढे जायचे असेल तेव्हा, ती दिलेली गाडी या घेतलेल्या गाडीपेक्षा वेगवान होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशी अदलाबदल करू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचे खरे उत्तर पुष्कळांच्या पचनी पडत नाही.

सेडानवर अन्याय व्हायला नको. तिच्यातले बी५८ हे २,९९८ घनसेंटीमीटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले टर्बो (हवा दाबून आत भरणारे) इंजिन मुळातच दणकट आहे, आणि बदल करणाऱ्यांचा जीव त्याच्यावर जडतो तो उगाच नाही. कारखान्याच्या हिशेबात ते ३७४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, आणि हा टॉर्क मिनिटाला १,९०० फेऱ्यांपासून ५,००० फेऱ्यांपर्यंत जवळजवळ सपाट मिळत राहतो. रीमॅपमध्ये मुख्यतः टर्बोचा दाब वाढवतात, इंधन आणि ठिणगीच्या वेळेचे गणित त्याप्रमाणे नव्याने बसवतात, आणि गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने वाढीव टॉर्क अडवू नये म्हणून त्याच्याही मर्यादा वर उचलतात. माझ्या गाडीचा शेवटचा आकडा ४८०च्या आसपास होता. चार दारे, मोठी डिकी, बाहेरून कार्यालयीन शिस्तीचा चेहरा आणि पाय दाबला की पाठ आसनात रुतवणारी ओढ, या मिश्रणाची मजा ज्याने घेतली आहे त्याला ती शब्दांत समजावून सांगावी लागत नाही.

अडचण अशी की एक बदल एकटा येत नाही. दाब वाढवला की हवा अधिक तापते. या इंजिनात आत जाणारी हवा थंड करण्याचे काम पाण्याच्या वेगळ्या मंडलामार्फत होते. त्यामुळे पहिले दोन-तीन जोरदार वेग अप्रतिम जातात, पण एकदा ते पाणी तापले की ते निवायला वेळ घेते. मग नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडू लागतो आणि विकत घेतलेली ताकद हळूहळू हातातून निसटते. त्यावर उपाय म्हणून मोठा रेडिएटर बसवला. वाढलेल्या वेगाला ब्रेक पुरेनात म्हणून ब्रेक बदलले. ब्रेक मोठे झाले म्हणून जुनी चाके त्यांवरून बसेनात, म्हणून चाके बदलली. चाके बदलल्यावर गाडीची चाल बिघडली, म्हणून सस्पेन्शन. प्रत्येक पायरीला कारण होते, आणि प्रत्येक कारण मागच्याच पायरीने निर्माण केलेले होते. एकदा तर इंजिनाकडे हवा नेणारी नळी नीट आवळली न गेल्यामुळे भर वेगात निसटली आणि गाडी खोकत-खोकत कशीबशी बाजूला घ्यावी लागली. ज्याने ती बसवली त्याने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दुरुस्त करून दिली, त्यामुळे त्याच्याबद्दल मनात राग नाही. पण त्या दिवसानंतर ओव्हरटेक करताना माझा एक कान सतत बोनेटकडे लागून राहिला, तो शेवटपर्यंत.

माझी मुख्य तक्रार हीच होती. गाडीत दोष होता असे नाही. तिच्यात पाच-सहा वेगवेगळ्या कारागिरांची मते एकत्र नांदत होती आणि त्यांचे आपापसात फारसे पटत नव्हते. कॉइलओव्हर बनवणाऱ्याला माझ्या टायरची कल्पना नव्हती, ब्रेक बनवणाऱ्याला पेडलची नव्हती, आणि रीमॅप करणाऱ्याला या दोघांशी काही कर्तव्य नव्हते. सुटा घेतला तर प्रत्येक भाग मूळच्यापेक्षा सरस. एकत्र चालवताना मात्र खडबडीत वळणावर पुढची चाके एक सांगत आणि मागची दुसरेच.

सौद्याविषयी थोडे, कारण इथे अनेकजण फसतात. बदललेल्या गाडीला एक्स्चेंजमध्ये बदलांचे पैसे मिळत नाहीत. उलट, या गाडीला किती रगडले असेल या शंकेपोटी किंमत कमीच धरली जाते, आणि मूल्यमापन करणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. मी मूळचे सगळे भाग जपून ठेवले होते, हा त्या चार वर्षांतला माझा एकमेव दूरदर्शी निर्णय म्हणावा लागेल. गाडी पुन्हा मूळ रूपात आणली, काढलेले भाग सुटे विकले, आणि त्यातून आलेली रक्कम त्यांवर झालेल्या खर्चाच्या निम्मीही भरली नाही, तरी बदलांसह गाडी विकण्यापेक्षा हा मार्ग बराच बरा पडला. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नसलेला डाउनपाइप काढून मूळचा बसवणे तर अनिवार्यच होते, कारण त्याशिवाय धुराची चाचणी पार पडत नाही. एक गोष्ट मात्र लपवू नये : ईसीयूमध्ये पुन्हा मूळ सॉफ्टवेअर भरले तरी त्यात फेरफार झाल्याच्या खुणा सापडू शकतात, म्हणून घेणाऱ्याला मी सगळे आधीच लेखी सांगितले. किमतीत थोडे गेले, पण झोप शाबूत राहिली.

आता नव्या गाडीकडे. केमन जीटीएस ४.० ही २०२० साली आली. तिच्या आधीच्या जीटीएसमध्ये अडीच लिटरचे चार सिलिंडरी टर्बो इंजिन होते. त्या जागी ३,९९५ घनसेंटीमीटरचे, टर्बोविना श्वास घेणारे, आडवे सहा सिलिंडरी इंजिन बसवण्यात आले. केमनच्याच जीटी४ या अधिक तेज आवृत्तीत हेच इंजिन ४२० अश्वशक्ती देते, इथे ४००. टॉर्क ४२० न्यूटन मीटर, आणि तोही ५,००० फेऱ्यांनंतर पूर्ण हाती येतो. शून्य ते शंभर वेगासाठी मॅन्युअल गिअरच्या गाडीचा कारखान्याचा आकडा ४.५ सेकंद आहे. बीएमडब्ल्यूचा, काहीही न बदललेल्या गाडीचा, ४.४. म्हणजे कागदावर मी पुढे गेलोच नाही. पण वजन धरून हिशेब केला तर चित्र पालटते. केमन साधारण १,४०० किलोची आहे आणि सेडान १,७०० किलोच्या घरातली, त्यामुळे दर टनामागे दोन्हींत सुमारे २८०हून थोडी अधिक अश्वशक्ती निघते. जे मी चार वर्षे इंजिनात भर घालून मिळवत होतो, ते इथे तीनशे किलो वजा करून मिळाले. आणि वजाबाकीचा लाभ इंजिनापुरता थांबत नाही. चालकासकट शंभरच्या वेगात असताना या गाडीची गतिज ऊर्जा सेडानपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरते, आणि ती सगळी शेवटी ब्रेकच्या उष्णतेत जायची असते. टायर, ब्रेक, स्प्रिंगा, प्रत्येकाच्या डोक्यावरचे ओझे हलके झाले आहे आणि त्यासाठी एकही भाग मोठा करावा लागलेला नाही.

खरा फरक वळणात आहे. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन, हात लांब करून जागच्या जागी गिरकी घेऊन पाहा. मग त्याच बादल्या छातीशी धरून घ्या. केमनचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे आहे, म्हणजे सर्वांत जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ छातीशी धरलेली आहे, आणि आडव्या सिलिंडरांमुळे ती जमिनीलगतही आहे. स्टिअरिंग वळवले आणि गाडी वळली, या दोहोंत सेडानमध्ये जो किंचित विचारविनिमय चालत असे तो इथे उरलेला नाही. सेडानमध्ये चारही चाकांना ताकद जात असल्याने मी वळणाच्या आधी जोरात ब्रेक मारायचो, नाक कसेबसे आत ओढायचो आणि बाहेर पडताना टॉर्कच्या बळावर सगळ्या चुका पुसून टाकायचो. ती पद्धत वेगवान होती, पण तिने मला आळशी केले होते. इथे ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरावे लागते, पुढच्या टायरवर वजन राखावे लागते, आणि वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल केला तर नाक आपसूक आणखी आत येते. हे सगळे आसनातून, कमरेतून कळते. पहिल्या महिन्यात मी सेडानच्या सवयीने चालवत होतो आणि गाडी मला संथ वाटत होती. संथ मी होतो, हे उमगायला एका ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाची शेजारी बसून केलेली अर्ध्या दिवसाची टोकाटोक लागली.

इंजिनाबद्दल भावनेच्या भरात लिहिणे सोपे आहे, म्हणून जपून लिहितो. ३,००० फेऱ्यांखाली ते सभ्य आणि काहीसे अलिप्त आहे. टर्बोची सवय झालेल्या पायाला पहिल्यांदा गाडीत काही बिघाड आहे की काय असे वाटेल. कमी भार असताना ते इंधन वाचवण्यासाठी एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवते, तेव्हा आवाजाचा पोतही बदलतो आणि तो मला आवडत नाही. पण ५,०००च्या पुढे ७,८०० फेऱ्यांपर्यंत त्याचा चढता सूर, आणि पायाची हालचाल व इंजिनाचा प्रतिसाद यांत वेळ न जाणे, हे रीमॅपने विकत मिळत नाही. सेडानमध्ये ताकद येत असे, इथे ती मागावी लागते आणि जितकी मागाल तितकीच मिळते. सहा गिअरांचा दांडा आखूड, घट्ट आणि नेमका आहे. मात्र गिअरांची लांबी हे या गाडीचे सर्वांत मोठे व्यंग. दुसऱ्या गिअरमध्येच ती ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कायदा पाळून त्या ७,८०० फेऱ्यांना भेटायचे तर पहिला गिअर, आणि फार तर दुसऱ्याचा थोडा भाग, एवढेच हाती राहते. इतक्या उत्तम इंजिनाला इतके लांब गिअर देणे म्हणजे गवयाला बोलावून त्याच्याकडून नुसती सूचनापत्रे वाचून घेण्यासारखे आहे.

रोजच्या वापरात ती अपेक्षेपेक्षा बरी निघाली. पुढे १५० लिटरची खोल डिकी, मागे काचेखाली आणखी एक उथळ, त्यामुळे दोघांचे आठवड्याचे सामान मावते. तिसरा माणूस मात्र मावत नाही, आणि ही गोष्ट घेण्याआधी जितकी क्षुल्लक वाटते तितकी नंतर राहत नाही. घरी दुसरी गाडी नसती तर हा व्यवहार मी केला नसता. मधला पडदा लहान आणि जुन्या वळणाचा आहे, पण बटणे खरी आहेत, नजर रस्त्यावर ठेवून बोटांना सापडतात. मागची चाके रुंद आणि इंजिन जवळ असल्याने लांबच्या प्रवासात आवाजाचा शीण येतो. सेडान या बाबतीत कितीतरी पुढे होती, आणि पाचशे किलोमीटर सलग जायचे असेल तर आजही मी तिचीच निवड करीन.

आठवण येते ती वेगाची नाही, हातांच्या कामाची. रविवारी बोनेट उघडून बसणे, इंजिनाच्या नोंदींचे लॉग वाचणे, एखादा नट पुन्हा आवळून पाहणे, हे सगळे संपले. केमनचे इंजिन दिसतच नाही. मागच्या डिकीतून तेल आणि कूलंट ओतायची तोंडे तेवढी दिसतात, आणि तेलाची पातळीसुद्धा काडीने न पाहता पडद्यावर पाहावी लागते. ज्याला गाडी घडवण्यात रस आहे त्याने ही अदलाबदल करू नये, तो सहा महिन्यांत कंटाळेल. ज्याला चालवण्यात रस आहे आणि घडवण्याचा केवळ थकवा उरला आहे, त्याने जरूर करावी. मात्र आधी निदान एक पूर्ण दिवस, वळणावळणाच्या रस्त्यावर, मॅन्युअल गिअरची गाडी चालवून मगच ठरवावे. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये सेडानच जिंकते.

या गाडीत काय बदल करणार, असे जुने मित्र भेटले की विचारतातच. ट्रॅकवर जाण्याआधी जास्त तापमान सोसणारे ब्रेक फ्लुइड भरून घेतले आणि अलाइनमेंट कारखान्याने दिलेल्या मर्यादेतच पुढच्या चाकांना थोडा अधिक कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) देऊन तपासून घेतले. आखूड गिअरांच्या संचाची चौकशीही करून झाली आहे. घरी अजून सांगितलेले नाही.