ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी: 'आर्ग्युमेंट'ची नोंद कशी वाचावी

ऑक्सफर्डच्या या मोफत संकेतस्थळाची पारख करायची तर 'आर्ग्युमेंट' हा शब्द टाकून पाहा. भांडण आणि युक्तिवाद हे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या क्रमांकांखाली दिले आहेत. आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. 'हॅव अॅन आर्ग्युमेंट' म्हणजे वाद घालणे. 'मेक अॅन आर्ग्युमेंट' म्हणजे मुद्दा मांडणे. क्रियापद बदललं की अर्थच पालटतो, म्हणून सुटा शब्द पाठ करून भागत नाही.

नोंदीत ठळक अक्षरांतल्या जोड्या आधी वाचा. ज्याच्याशी वाद त्याच्या आधी 'विथ', ज्यावरून वाद त्याच्या आधी 'अबाउट' किंवा 'ओव्हर'. युक्तिवादाला मात्र 'फॉर' आणि 'अगेन्स्ट' लागतात. 'शी' आणि 'वरून' मनात ठेवून भाषांतर करणारे नेमके इथे अडखळतात. त्यानंतर जादा उदाहरणांची घडी उघडा. ती मिटलेली असते आणि बरेच जण तिच्याकडे बघतही नाहीत. कडाक्याच्या वादाला 'हीटेड' हे विशेषण लागतं, हे अशाच ठिकाणी कळतं.

उच्चाराची दोन्ही बटणं दाबा: ब्रिटिश उच्चारात 'र' ऐकू येत नाही, अमेरिकनमध्ये स्पष्ट येतो. स्पेलिंगही नीट पाहा, 'आर्ग्यू'च्या शेवटचा 'ई' इथे गळतो.

मराठी अर्थ मिळत नाही, ही नवशिक्यांसाठी खरी अडचण. आठवी-नववीपासून पुढच्यांनी मात्र जरूर वापरावं.