जिनसेंग पाच महिने घेतलं, त्याचा हिशेब

आधी माझी कुंडली सांगतो, म्हणजे यातलं आपल्याला किती लागू पडतं ते ज्याचं त्याला कळेल. वय ५२. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. डायबेटिस नऊ वर्षं जुना. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. बीपी नाही. तक्रार एकच होती, दुपारी चार वाजले की अंगातला जीव जायचा. समोर चलनांचा गठ्ठा आणि डोळे मिटतायत. सोलापूरच्या उन्हाला दोष देऊन झाला, पण पावसाळ्यातही तेच.

भाचा पुण्याजवळ एका कोरियन कंपनीत आहे. जुलैमध्ये महिनाभराचं ट्रेनिंग करून कोरियाहून आला तो जिनसेंगची, म्हणजे तिकडं शक्तीसाठी घेतात त्या मुळाच्या रसाची, दोन खोकी घेऊन. "मामा, तिकडं आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हेच घेतात." एका खोक्यात ३० पाकिटं, शाम्पूच्या पुडीपेक्षा थोडी लांब, प्रत्येकात १० मिलिलिटर काळपट रस. कोपरा फाडायचा आणि तोंडात पिळायचं. जिभेला आधी माती लागते, मग कडू, आणि गिळून झाल्यावर ज्येष्ठमधासारखं काहीतरी किंचित गोड मागे राहतं. बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, "भिजलेल्या पोत्याचा वास येतोय." चूक म्हणता येणार नाही.

खोक्यावर दोन पाय फुटलेल्या मुळाचं चित्र आहे. चिनी नावाचा अर्थच माणसाच्या आकाराचं मूळ असा आहे. लाल जिनसेंग म्हणजे वेगळी जात नाही. तेच मूळ वाफवून वाळवलं की लालसर होतं, नुसतं वाळवलं की पांढरं. कोरियात सहा वर्षं जमिनीत वाढलेल्या मुळाला मान. त्यातल्या कामाच्या घटकांना जिनसेनोसाइड म्हणतात. शास्त्रीय नाव पॅनॅक्स, त्याचा अर्थ सर्व रोगांवर इलाज. नाव ठेवणाऱ्यानं हात जरा सैलच सोडला होता.

पहिला आठवडा मी गाढवपणा केला. थकवा दुपारनंतर जाणवतो म्हणून कारखान्यातून घरी आलो की पाकीट, वर कप चहा. रात्री दोन वाजेपर्यंत पंख्याची पाती मोजत पडायचो. झोप न येणं ही जिनसेंगची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, हे नंतर कळलं. चहा-कॉफीची जोड मिळाली की ती आणखी वाढते. याशिवाय डोकेदुखी, पोट बिघडणं आणि बीपी वर-खाली होणं हेही काहींना होतं. बायकांना स्तन दुखणं, पाळी मागेपुढे होणं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना घेऊ नये असंच सांगतात. मी वेळ बदलून सकाळची केली आणि झोप जागेवर आली.

तिसऱ्या आठवड्यात खरा प्रकार घडला. त्या दिवशी पाहुणे होते. ग्लिमेपिराइड घेतली, त्यावर पाकीट घेतलं आणि नाश्ता न करताच निघालो, म्हटलं कॅन्टीनमध्ये खाऊ. कॅन्टीनला जायला साडेअकरा झाले. गेटजवळ आलो तर हात कापायला लागले, शर्ट पाठीला चिकटला, आणि समोरच्या ट्रकचा नंबर वाचता येईना. आमच्या फोल्डिंग खात्यातला एक जण डायबेटिसवाला आहे, त्याचं ग्लुकोमीटर कायम पिशवीत. त्यानं बोट टोचलं. साखर घसरलेली, ६४. "काय बे, जेवतो का नाही घरी?" म्हणत त्यानं साखरेचं पाणी पाजलं आणि वर दोन बिस्किटं. पंधरा मिनिटांनी ९१.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या विचारल्या, मी दोन सांगितल्या. बाकी काही? काही नाही म्हणालो. उठता उठता सहज बोललो की भाच्यानं आणलेलं शक्तीचं काहीतरी घेतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग मघाशी काही नाही का म्हणालात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे औषध म्हणजे ज्यासाठी चिठ्ठी लागते ते. शक्तीचं, मुळाचं, काढ्याचं, ते खाण्यात धरतो.

डॉक्टर सरळ बोलले. ग्लिमेपिराइड घेऊन नाश्ता चुकवला तर एवढं व्हायला तेवढंच पुरतं, सगळा दोष जिनसेंगवर टाकू नका. पण जिनसेंगही काही लोकांत साखर खाली आणतं, आणि दोघं एकाच दिशेनं ओढत असतील तर तोल कधी जाईल सांगता येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २००० साली छापलेल्या एका छोट्या प्रयोगात अमेरिकन जिनसेंग ३ ग्रॅम, साखरेच्या चाचणीआधी ४० मिनिटं दिलं, तर नंतरची साखर कमी चढली. अर्थात ती जात वेगळी आणि मात्राही वेगळी. म्हणून जिनसेंगवर डायबेटिस सोपवून गोळ्या सोडायचा विचार करणाऱ्यांनी तो विचार सोडावा.

मला पंधरा दिवस पाकीट बंद ठेवायला सांगितलं, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणली आणि रोजची शुगर वहीत लिहायला लावली. हिशेबनीस माणसाला वही दिली की तो खूश. नंतर डॉक्टरांना सांगून, नाश्ता झाल्यावरच, पुन्हा सुरू केलं. ६४ चा आकडा पुन्हा दिसला नाही.

आता आईची गोष्ट. आईचं वय ७६. अकरा वर्षांपूर्वी हृदयाची धातूची झडप बसवली, तेव्हापासून वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, आणि ठरल्या दिवशी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी. तिची पिवळी वही देवघराच्या कप्प्यात असते. मला रोज पाकीट पिळताना बघून एके दिवशी म्हणाली, "मला दे की रे तुझं ते कोरियाचं, गुडघ्यात जोर येईल." द्यायला काही हरकत नाही असंच वाटलं होतं. त्याच दिवशी तिच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेलो आणि काउंटरवरच्या पोराला, बी.फार्म. झालेला आहे, सहज विचारलं. तो म्हणाला, "काका, वॉरफॅरिनवर आहेत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब नाही."

रात्री बसून वाचलं. १९९७ मध्ये अमेरिकेतून एक नोंद छापून आली होती. ४७ वर्षांचा माणूस, आईसारखीच धातूची झडप, आयएनआर ३.१ वर व्यवस्थित बसलेला. जिनसेंगच्या कॅप्सूल सुरू केल्यावर दोन आठवड्यांत तो १.५ वर आला. कॅप्सूल बंद केल्या आणि पुन्हा ३.३. आकडा खाली येणं म्हणजे रक्त दाट होणं, आणि झडपेवर गुठळी धरली तर पुढचं सांगायला नको. २००४ मध्ये २० निरोगी लोकांवर प्रयोग झाला, त्यातही अमेरिकन जिनसेंगनं वॉरफॅरिनचा जोर कमी केलेला दिसला. कोरियन जातीवरच्या एका छोट्या प्रयोगात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे पुरावा एकाच बाजूला झुकलेला नाही, पण आईच्या झडपेवर ते तपासून बघायची माझी तयारी नव्हती. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत जिनसेंगमुळे रक्त गोठणं कमी झाल्याचंही दिसतं, म्हणून ऑपरेशनच्या किमान सात दिवस आधी ते बंद करायला सांगतात. आईला सांगितलं, हे तुझ्या गोळीशी भांडतं. ती म्हणाली, "मग राहू दे, आधीच घरात भांडणं काय कमी आहेत."

इतर औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरच्या जुन्या एमएओ गटातल्या फेनेल्झिन या गोळीबरोबर डोकेदुखी, हातांना कंप, अगदी वेड्यासारखा उत्साह चढल्याच्या नोंदी आहेत. रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब घेणाऱ्या २६ वर्षांच्या एका रुग्णाच्या यकृताला सूज आली, तो रोज जिनसेंगवालं एनर्जी ड्रिंक पीत होता. ही नोंद २०१० ची. काही औषधं यकृतात ज्या एन्झाइमनं मोडतात तो एन्झाइम आशियाई जिनसेंगमुळे जास्त काम करायला लागतो, आणि औषध लवकर संपतं. सगळ्या गोळ्यांची यादी इथं देण्यात अर्थ नाही. रोजची एखादी तरी गोळी असेल तर मेडिकलवाल्याला नाव सांगून विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

खोकी संपल्यावर ऑक्टोबरात मी इथंच कॅप्सूल शोधायला लागलो आणि तिथं वेगळीच करमणूक झाली. पहिल्या दुकानात मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूल पुढं केल्या, डबीवर मोठ्ठं जिनसेंगचं मूळ. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर जिनसेंगचा अर्क पन्नास मिलिग्रॅमसुद्धा नाही, बाकी जीवनसत्त्वं आणि खनिजं. अभ्यासांमध्ये साधारणपणे २०० मिलिग्रॅम अर्क वापरतात, तोही ४ टक्के जिनसेनोसाइड आहेत असं तपासलेला. मूळच घ्यायचं तर जर्मनीतल्या तज्ज्ञ समितीनं दिवसाला १ ते २ ग्रॅम आणि तेही तीन महिन्यांपर्यंत असं म्हटलं होतं.

दुसरा काष्ठौषधीवाला. त्यानं बिनधास्त अश्वगंधा तोलायला घेतली. "हेच ते इंडियन जिनसेंग, साहेब." नाव तसं रूढ आहे खरं, पण नात्यानं दोघांचा काही संबंध नाही. अश्वगंधा वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. तिच्या शास्त्रीय नावातल्या सोम्निफेराचा अर्थ झोप आणणारी, आणि मला जिनसेंगनं रात्रभर जागं ठेवलेलं! शिवाय अश्वगंधेनं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि आमच्या घरात बायको थायरॉइडची गोळी घेते. पुडी घरात आली असती तर दुधातून तिच्याकडेही गेलीच असती. सायबेरियन जिनसेंग म्हणून मिळतं तेही खरं जिनसेंग नाही, त्या कुळातलं दुसरं झुडूप आहे.

शेवटी २०० मिलिग्रॅमची, जिनसेनोसाइडचे टक्के छापलेली डबी मिळाली. महिन्याला साडेआठशे रुपये. तीवर "औषधी उपयोगासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं असतं आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक. म्हणजे कायद्याच्या लेखी हे पूरक अन्न. डबीवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. अमेरिकेत २००१ मध्ये २५ जिनसेंग उत्पादनं तपासली, तेव्हा कॅप्सूल-कॅप्सूलमध्ये जिनसेनोसाइडचा फरक १५ पट निघाला, पातळ औषधांत ३६ पट. कोरियन पाकीट आणि इथली कॅप्सूल यात मला जाणवलेला फरक कदाचित यातच असेल. पाकिटाचा परिणाम तासाभरात कळायचा, कॅप्सूल घेतली काय न घेतली काय.

तर फायदा झाला का? चारची गुंगी कमी झाली, हे खरं. साधारण दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की मी दुपारचा दुसरा चहा मागवलेला नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच काळात मी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालायला लागलो होतो, डब्यातला भात कमी करून ज्वारीची भाकरी वाढवली होती, आणि शुगर खाली घसरायची थांबली होती. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ही टक्क्यांत मोजतात) ७.९ वरून ७.६ झाली. डॉक्टरांनी श्रेय भाकरीला दिलं, भाच्यानं जिनसेंगला, आणि आईनं सिद्धरामेश्वरांना. उपाशीपोटीच्या शुगरमध्ये वहीत काही फरक दिसला नाही. स्मरणशक्ती वाढते म्हणतात, पण चष्मा अजून रोज शोधतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात बंद केलं. मधली सुट्टी धरून सहा महिने होत आले होते, आणि तेवढ्या मुदतीपर्यंतच सुरक्षित असल्याचं बऱ्यापैकी ठाऊक आहे. बंद केल्यावर काही त्रास झाला नाही. चारची गुंगी थोडी परत आली आहे, पण पहिल्याइतकी नाही.

भाच्यानं दिवाळीला आणखी एक खोकं आणलं होतं, ते धाकट्या भावाला दिलं. त्याला गोळ्या नाहीत, बीपी नाही, शुगर नाही. त्याचं म्हणणं, कारल्याच्या रसापेक्षा बरंय. मागच्या महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मी आठ दिवस आधीच पाकिटं बंद करायला लावली. दाखल व्हायच्या दिवशी फॉर्म भरताना "सध्या चालू असलेली औषधे" या रकान्यात त्यानं "काही नाही" असं लिहिलं. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, ते खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं: कोरियन लाल जिनसेंग, रोज एक पाकीट, आठ दिवसांपासून बंद. भूलतज्ज्ञ बाईंनी वाचून मान डोलावली आणि खाली तारीख विचारून लिहून घेतली.