रविवारचा मोठ्यांचा हिब्रू वर्ग, आमच्या सिनेगॉगमधला (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) : अकरा महिने जाऊन आल्यावर

पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी या वर्गाला नाव घातलं तेव्हा माझं वय ५४ होतं आणि हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. प्रार्थना सगळ्या पाठ, पण देवनागरीत छापलेल्या पुस्तकावरून. लहानपणापासून शमा (देव एक आहे असं सांगणारी प्रार्थना) म्हणतोय, शुक्रवारी दिवे लागले की शब्बाथ शालोम म्हणून आईच्या पाया पडतोय, मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचं, ताट भरायला मदत करतोय, आणि यातल्या एका ओळीचा अर्थ कोणी विचारला तर गप्प. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांत माझ्यासारखे खूप जण आहेत आणि बरेचसे लाजेपोटी कुठल्या वर्गाला जात नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वर्ग मुंबईतल्या आमच्या सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये भरतो, रविवारी सकाळी दहा ते बारा. शनिवारी का नाही असं बाहेरचे विचारतात, तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहीत नाहीत आणि इथे सगळा भर लिहिण्यावर आहे. अठरा-वीस जण असतो, सगळ्यात लहान मुलगी कॉलेजातली आणि सगळ्यात मोठे अंकल ७४ चे. फी नाही, झेरॉक्स आणि चहाबिस्किटाचे महिन्याला दोनशे रुपये. शिकवतात त्या आंटी बरीच वर्षं इस्राएलमध्ये लोदला राहून परत आल्यात, तिकडे आपले मराठी बोलणारे लोक भरपूर आहेत, त्यामुळे त्यांचं हिब्रूही अस्खलित आणि मराठीही आपल्या घरातलंच.

याच्या आधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता, परदेशातला, नाव घेत नाही. पैसे बऱ्यापैकी भरले होते. रात्री साडेअकराला सुरू व्हायचा, दुसऱ्या दिवशी ऑफिस. शिकवणारे हुशार होते यात वाद नाही, पण त्यांच्या डोक्यात ज्यू घर म्हणजे एकाच प्रकारचं घर होतं, आजी यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारी आणि थंडीचे दिवस. मी एकदा विचारलं की आम्ही एलियाहू हानबी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, याच्या नावाने मलिदा करतो त्यात कुठला आशीर्वाद आधी म्हणायचा, तर ‘ती तुमची लोकल प्रथा असेल’ एवढं म्हणून ते पुढे गेले. मला फार लागलं ते. दोन महिन्यांत सोडला कोर्स.

आणि इथे बघा, मलिद्यावर आम्ही पूर्ण दोन रविवार घालवले! आंटींनी टेबलावर खरंच ताट मांडलं, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. मग एकेक फळ उचलून विचारायचं, हे झाडाचं की जमिनीचं, कारण झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, बोरे पेरी हाएत्स, आणि जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, बोरे पेरी हाआदामा. सफरचंद झाडाचं, खजूर झाडाचा, सगळे भराभर सांगत होते. केळं उचललं तर सगळे एका सुरात, झाडाचं! आंटी म्हणाल्या नाही, जमिनीचं. हॉलमध्ये गोंधळच, अहो केळीचं झाड म्हणतो ना आपण. तेव्हा ७४ वाले अंकल, जे मूळचे अलिबागकडचे, ते उठून म्हणाले की अरे केळ एकदा व्याली की आपण ती बुंध्यापासून तोडतो, पुढच्या वर्षीचा घड नव्या पिल्लाला येतो, ते झाड राहतं कुठे. आणि आंटी म्हणाल्या की अगदी हेच कारण आहे, ज्याचं खोड वर्षानुवर्षं टिकून परत फळ देत नाही त्याला आशीर्वादापुरतं झाड धरत नाहीत. म्हणजे जे शास्त्र आपल्याला लांबचं वाटतं ते अंकलना त्यांच्या परसातून माहीत होतं, फक्त दोन्ही टोकं कोणी जोडून दिली नव्हती. हा वर्ग काय आहे हे मला विचाराल तर ते केळं म्हणजे हा वर्ग.

शिकवायची पद्धत म्हणजे पहिला तास अक्षरं आणि वाचन, दुसरा तास मजकूर. मजकूर जोडीने वाचायचा, याला हवरुथा म्हणतात, दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचायचं आणि एकमेकांना अडवायचं. माझी जोडी याच अंकलशी लागली, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे आवाज खणखणीत. पहिले दोन महिने मला अवघडल्यासारखं झालं, वडिलांच्या वयाच्या माणसाला तुम्ही चुकलात असं कसं म्हणायचं, पण तेच म्हणायचे की बाबा तू नाही अडवलंस तर मी चुकीचंच घेऊन घरी जाणार.

अक्षरं २२ आहेत आणि पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी वेगळी दिसतात. ऐकायला कमी वाटतात पण त्रास देतात, कारण आपल्याला काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या बघायची सवय, आणि इथे स्वर म्हणजे खाली-वर टिंबं आणि रेघा, त्याही तोरेच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत नसतातच. दालेत आणि रेश तर इतके सारखे की एकाला कोपरा आणि दुसऱ्याला गोलाई एवढाच फरक. आंटींनी सांगितलं की शमाच्या ओळीत शेवटचा शब्द एहाद, म्हणजे एक, त्यातलं दालेत तोरेत मुद्दाम मोठं लिहितात, कारण त्याचं चुकून रेश झालं तर शब्द होतो अहेर, म्हणजे दुसरा कुणीतरी, आणि देव एक आहे म्हणायच्या जागी भलतंच म्हटलं जाईल. त्या दिवसापासून मी दालेतचा कोपरा कधी चुकलो नाही.

आता जे सांगायला मी खरं तर बसलोय ते सांगतो. माझे वडील जाऊन सात वर्षं झाली. पहिले अकरा महिने मी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हटली, नंतर दर वर्षी त्यांच्या दिवशी म्हणतो. घरातल्या जुन्या देवनागरी पुस्तकात ‘शमेरब्बा’ असा एकच शब्द छापलाय, मी तो तसाच म्हणायचो, श्वासही मध्येच कुठेतरी घ्यायचो. सातव्या महिन्यात आंटींनी कद्दीशचा कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या आज देवनागरी बघायची नाही. पहिला शब्द, योद, ताव, गिमेल, दालेत, लामेद. यित-ग-दल. पाच अक्षरं लावायला मला मिनिटभर लागलं असेल. मग पुढे आलो तर शमे एक शब्द आणि रब्बा दुसरा शब्द, मध्ये चांगली मोकळी जागा. त्याचं नाव, आणि मोठं. त्याचं मोठं नाव. मी सात वर्षं काय म्हणत होतो ते मला त्या दोन शब्दांमधल्या जागेत कळलं. कागदावर बोट ठेवून मी बराच वेळ तसाच बसलो, अंकलनी काही विचारलं नाही, चहाचा कप माझ्याकडे सरकवला फक्त.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी कळल्या ज्या मला कोणीच सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे कद्दीश हिब्रूत नाहीच, जवळजवळ सगळी अरामी भाषेत आहे, जी त्या काळी लोकांच्या तोंडची भाषा होती. दुसरी म्हणजे तिच्यात मेलेल्या माणसाचा किंवा मृत्यूचा एक शब्दही नाही, फक्त देवाची स्तुती आहे. आणि दहा जणांचा मिन्यान, म्हणजे प्रार्थनेसाठी लागणारा गट, लागतो कारण ती एकट्याने म्हणायचीच नाही, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असतं.

मराठीचा मान हा या वर्गाचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. आंटी जुन्या सणांची नावं फळ्यावर लिहितात, नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा उपास, आणि मग शेजारी त्यांची हिब्रू नावं, रोश हाशाना, योम किप्पूर, तिशा बेआव. दारं बंद करून घरात बसायचं म्हणून दारफाळणी, हे माझ्या आजीच्या तोंडचं नाव मी विसरूनच गेलो होतो. एका रविवारी त्यांनी जुन्या छापील पुस्तकांचे फोटो दाखवले. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं, त्याचा हेतू धर्मप्रसाराचा, पण आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मग १८४६ ची मुंबईत छापलेली मराठी हगादा (पेसाह सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक), आणि १८७४ ची पुण्याची, जिच्यात साड्या नेसलेल्या बायका मात्सा (बिनखमिराची भाकरी) लाटताना-भाजताना दाखवल्यात. कॉलेजवाली मुलगी तो फोटो झूम करकरून बघत होती. म्हणजे मोठ्या वयात मराठीतून शिकणं ही काही आज काढलेली पळवाट नाही, आपले पणजोबा हेच करत होते.

एलियाहूवरचा धडाही सांगायलाच हवा. आपण त्याचं नाव घेतो ते मलिद्याला आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात म्हणून, पण त्याची मूळ कथा किती जणांनी वाचलीय. तो होरेब डोंगरावर उभा असतो, वारा येतो, भूकंप येतो, आग येते, देव त्यातल्या कशातच नसतो, आणि मग तीन शब्द येतात, कोल देमामा दका. आवाज, शांतता, बारीक. याचं मराठी करा म्हणून आंटींनी सोडून दिलं आणि पाऊण तास नुसती चर्चा. कोणी म्हणालं कुजबुज, कोणी मंद स्वर, पण त्यात शांतता कुठे गेली? अंकल म्हणाले, लाइट जाऊन पंखा थांबतो ना, त्यानंतर जे ऐकू येतं ते. मी वहीत तेच लिहून ठेवलंय.

कमी काय आहे तेही लिहितो. दोन रविवार चुकले की मागे पडता, आणि मध्य रेल्वेवाल्यांना मेगाब्लॉकमुळे ते चुकतातच, मागचं भरून काढायची काही सोय नाही. रेकॉर्डिंग तरी करा असं आम्ही सांगितलंय. झेरॉक्स फिकट येतात, टिंबं दिसत नाहीत, आणि टिंब दिसलं नाही तर स्वरच गेला. नवीन आणि जुने एकत्र बसतात, त्यामुळे ज्यांना आधीपासून वाचता येतं त्यांना पहिला तास कंटाळवाणा होतो, माझ्या बायकोची हीच तक्रार आहे आणि बरोबर आहे. इस्राएलला जायचं म्हणून बोलायचं हिब्रू हवं असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. आणि खाण्यापिण्याचे किंवा लग्नाचे नियम असे पक्के निर्णयाचे प्रश्न आंटी घेत नाहीत, रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारा म्हणतात, आणि आपल्याकडे रब्बी चौकाचौकात नाहीत, तेव्हा ते प्रश्न पडून राहतात. यासाठी कमिटीने महिन्यातून एकदा तरी कोणाला बोलवावं असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या झेरॉक्सचा कापला.

नवीन बॅच सिम्हाथ तोराचा सण झाल्यावर पहिल्या रविवारी सुरू होते. गेटवर पोलीस असतात, ओळखपत्र जवळ ठेवा, पहिल्यांदा येत असाल तर आदल्या दिवशी ऑफिसात नाव कळवून ठेवलेलं बरं, म्हणजे बाहेर ताटकळावं लागत नाही. टोपी विसरलात तर हॉलच्या दाराशी टोपलीत ठेवलेल्या असतात. वही दोन रेघी आणा आणि पेन नको, पेन्सिल आणा, पहिले तीन महिने दालेत खोडून परत काढावं लागतं.