गेमसाठी बाहेरची डिस्क घेताना : हार्ड डिस्क की एसएसडी?

‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते आणि ‘स्टारफील्ड’ला १२५ जीबी, त्यामुळे ५१२ जीबींच्या लॅपटॉपमधील निम्म्याहून अधिक जागा या दोन गेममध्येच जाते. अशा वेळी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क), हे किमतीवरून ठरवण्याआधी त्या डिस्कवर गेम नुसते ठेवायचे आहेत की तिथूनच खेळायचेही आहेत, हे नक्की करावे.

नुसते ठेवायचे असतील, तर हार्ड डिस्कच घ्यावी, कारण तेवढ्याच पैशांत तिच्यात कितीतरी अधिक जागा मिळते. यूएसबी ३ पोर्टवर ती सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, म्हणजे १५० जीबींचा गेम लॅपटॉपमध्ये आणायला सुमारे पंचवीस मिनिटे पुरतात. तोच गेम ४० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ५ एमबी देणाऱ्या, इंटरनेटवरून पुन्हा उतरवायला आठ तासांहून अधिक वेळ लागतो. स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या ॲपच्या स्टोरेज सेटिंगमधून गेम एका डिस्कवरून दुसरीवर हलवता येतो, नव्याने इन्स्टॉल करावा लागत नाही.

खेळायचे असेल, तर मात्र गणित बदलते. हार्ड डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि प्रत्येक विखुरलेल्या तुकड्यासाठी तिच्यावरील माहिती वाचणाऱ्या टोकाला (हेडला) जागा बदलावी लागते. मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये हे तुकडे हजारोंनी मागवले जातात, म्हणून वेगाने पुढे जाताना समोरच्या भिंती काही क्षण धूसर दिसतात आणि चित्र अडखळते. वरील दोन्ही गेमच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेली आहे, ती याचसाठी. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही अडचण फारशी येत नाही. फ्रेमचा दर (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो) मात्र मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर आणि प्रोसेसरवर अवलंबून असतो, तो वाढेल या आशेने एसएसडी घेऊ नये. ‘पोर्टल २’सारखे २०११च्या आसपासचे गेम हार्ड डिस्कवरूनही उत्तम चालतात, फक्त सुरू व्हायला थोडा अधिक वेळ घेतात.

पोर्ट अवश्य तपासावे. यूएसबी २ पोर्टवर कोणतीही डिस्क सेकंदाला ३५-४० एमबींच्या फारशी पुढे जात नाही, तिथे महाग एसएसडीचे पैसे वाया जातात. केबलही घट्ट बसणारी हवी. माझ्या हार्ड डिस्कची केबल कोपराच्या धक्क्याने जराशी सैल झाली, की चालू गेम तिथल्या तिथे बंद पडत असे.

लॅपटॉपमध्ये एम.२ची (आत छोटी एसएसडी बसवायच्या खाचेची) रिकामी जागा असेल, तर खेळण्यासाठी आतच दुसरी एसएसडी बसवणे मला सर्वांत योग्य वाटते. ती नसेल, तर चालू खेळाचे एक-दोन गेम लॅपटॉपमध्ये आणि बाकीचे हार्ड डिस्कवर ठेवावेत. मात्र खेळातील प्रगतीच्या सेव्ह फायली अनेकदा सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असतात आणि गेम हलवला तरी त्या तिथेच राहतात, म्हणून विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी त्यांची प्रत वेगळी काढून ठेवावी.