सूर्यनमस्कार की चालणे : पाठीच्या कण्याच्या दृष्टीने

पाठीच्या कण्यातील २३ चकत्यांना, म्हणजे मणक्यांमधल्या मऊ गाद्यांना, प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर त्यांचे पोषण होते आणि शरीराची हालचाल त्याला हातभार लावते, म्हणून तासन्‌तास खुर्चीत बसणाऱ्यांनी व्यायामाची निवड गांभीर्याने करावी.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याचा हिरिरीने प्रचार केला, तो सूर्यनमस्कार कण्याला पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना वाकवतो, शिवाय खांदे, पोट व मांड्या यांनाही काम देतो. मात्र त्यात कण्याला पीळ किंवा बाजूचा वाक जवळपास मिळत नाही, ही उणीव सहसा कोणी सांगत नाही. चकती सरकलेल्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण पुढे खोल वाकताना कमरेच्या चकत्यांवरील दाब वाढतो.

चालण्याने लवचीकता फारशी वाढत नाही. परंतु प्रत्येक पावलागणिक कण्यावर हलका, लयबद्ध भार येतो व धड किंचित वळते. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरण्यापेक्षा सोसेल तितके हिंडतेफिरते राहणे हिताचे, असे आजचे वैद्यकही मानते. दुखण्यातून उठणाऱ्याला मी आधी चालायलाच सांगेन. धडधाकट तरुणांनी मात्र नमस्कार सोडू नयेत.