मेथोट्रेक्सेट, मग अडालिमुमॅब: औषध लागू पडतंय हे ओळखायचं कसं

दुखणं थांबलं म्हणजे औषध लागू पडलं असं घरचे सगळे म्हणतात, पण सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये (कातडीवर चट्टे आणणाऱ्या सोरायसिससोबत येणारी सांध्यांची सूज) तेवढ्यावर जाऊ नका. दुखणं पेनकिलरनेही थांबतं. आत सूज राहिली तर हाड झिजत जातं, आणि झिजलेलं भरून येत नाही.

मला आधी मेथोट्रेक्सेट (सूज दाबणारं औषध) दिलं, आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी (चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, घरात सांगून ठेवा), सोबत फॉलिक ॲसिड आणि मधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरची टेस्ट. दुसऱ्या दिवशी मळमळायचं, जेवण नको वाटायचं. कोपरावरचे चट्टे मात्र छान उतरले, शेजारच्या काकू म्हणाल्या बरी झालीस नं आता, पण मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं ते तसंच आणि सकाळी टाच टेकवत नव्हती. कातडीला गुण येतो तसा सांध्यालाही येईलच असं नसते बाप्पा. ब्रिटनमधली 2012 ची एक ट्रायल आहे, तिच्यातही मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या सांध्यांची सूज डमी गोळीवाल्यांपेक्षा ठळक उतरली नव्हती. अर्थात डोस 15 मिलिग्रॅमच होता आणि बरेच पेशंट मधेच गळले, त्यामुळे औषध बेकार असं मी म्हणणार नाही, कित्येकांचं त्याच्यावर भागतं.

मग टीबीची तपासणी करून अडालिमुमॅब या सूज रोखणाऱ्या इंजेक्शनचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) सुरू झालं, 40 मिलिग्रॅम, दर पंधरवड्याला पोटावर टोचायचं. भारतात बनलेलं 2014 पासून मिळतं, तरी खर्च जड जातो. फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात धंतोलीहून घरी आणायचं म्हणजे आईसपॅकची पिशवी हवीच, फक्त इंजेक्शन गोठायला नको.

फरक कशावरून म्हणते? सकाळी हात आखडायचे ते तासाभरावरून काही मिनिटांवर आलं, कुलूप उघडता येतं, हिवाळ्यात सांबारवडीसाठी सांबार (कोथिंबीर) एकटीने निवडला. माझा सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) सूज असतानाही नॉर्मल यायचा, म्हणून नुसत्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही, डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून मोजायलाच पाहिजे. ट्रायलमध्ये औषधाचा गुण मोजायला एसीआर 20 हे माप लावतात, म्हणजे दुखरे आणि सुजलेले सांधे किमान 20 टक्क्यांनी कमी झाले आणि बाकीच्या पाच गोष्टींपैकी तिनात तेवढीच सुधारणा झाली की तुम्ही पास. दहा सुजलेल्या सांध्यांचे आठ झाले तरी सुजेच्या खात्यात ते बसतं! पेशंटला ते कसं पुरणार? मला एमडीए (आजार अगदी कमी उरला का ते पाहणारं) हे माप पटतं: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, चट्टे, वेदना, एकूण कसं वाटतं, रोजची कामं, आणि टाचेसारख्या जागा जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते, या सातपैकी पाच ठरलेल्या मर्यादेत हव्यात. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना हे सातही विचारा.

माझी टाच अजून त्या मर्यादेबाहेर आहे, बाकी सहा बसतात, म्हणून औषध चालू ठेवलंय. ताप आला की इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना फोन करते.