ट्रायल्ससाठी आधार कोणता : जिप्सी की एमएम ५४०?

खडतर वाटांवरच्या ट्रायल्स स्पर्धेसाठी मारुतीची जिप्सी घेऊन तयार करावी की महिंद्राची एमएम ५४० जीप, हा चाळीसगावच्या एका मित्रासमोर पडलेला पेच आहे. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नसते. खुणेच्या काठ्यांना स्पर्श न करता, न थांबता अवघड टप्पा पार करावा लागतो. त्यामुळे प्रथम वजन पाहावे. सुमारे एक टन वजनाची जिप्सी गिरणेच्या वाळूत कमी रुतते आणि चढावर तिचा हलकेपणा कामी येतो. मात्र तिच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला कमी फेऱ्यांवर जोर नाही, म्हणून मोठी चाके बसवल्यास ट्रान्सफर केसचे (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचे) गिअर बदलावेच लागतात, आणि खर्च तिथेच वाढतो. एमएम ५४०चे २.१ लिटर डिझेल इंजिन सातपुड्याच्या दगडी नाल्यात संथपणे ओढते, ठिणगीची प्रज्वलन यंत्रणा नसल्याने पाण्यात सहसा दगा देत नाही, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनाही ते परके वाटत नाही. पुढचा अखंड ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकसंध आस) व स्प्रिंगचे पाटे दोघींनाही आहेत. डिफरन्शियल लॉकचा (ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा) खर्चही दोन्हीकडे अटळच. (नुसत्या रुंद टायरांची हौस वायफळ.)

वाळू, चिखल आणि चपळ वळणांसाठी जिप्सी घ्यावी. दगडधोंडे, तुटपुंजे बजेट आणि गावातलीच दुरुस्ती असेल तर एमएम ५४०.